फाट्यावर वळलेली गाडी

पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर दगूबाईच्या अंगावरून पुन्हा रक्त जाऊ लागलं. महिनाभर लपवून शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, “नंदुरबारले डॉक्टरीणबाई शे, तठे मले ली चला.” त्याने लगेच गाडी जुंपली, तेव्हा तिला भरून आलं. पण फाट्यावर बैल वळले ते तिच्या माहेराकडे, कोरीटला. भावाच्या ओट्यावर गाठोडं टाकून नवरा म्हणाला, “तुमनी बहीण तुम्हीच संभाळा. मन्हा घरमा रोजना इटाळ नको.” आणि मागे न बघता गेला. दगूबाई ओट्यावर बसलीच नाही. “दादा, मले दवाखानामा ली चाल.” भावाने नेलं. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळेवर आलात. केसपेपरवर लिहायला नवऱ्याचं नाव सांगा.” पस्तीस वर्षांत उखाण्याशिवाय ते नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. तिच्यासाठी भाऊ बोलणार, तोच ती परक्या माणसाचं नाव सांगावं तसं म्हणाली, “पितांबर.”