आरोळ्यांवर चालणारं स्टेडियम

मुकादम बापू चौगुल्यांचा टेपवर काडीचा भरवसा नव्हता. वरच्या गॅलरीचा कठडा त्यांनी आपल्या अंगानंच मोजला. "रेवतीताई, गेल्या आठवड्यात ह्यो माझ्या बरगडीला लागत हुता. आज कमरेला लागतोय."

"तुम्हीच उंच झाला असाल," स्टेडियमची आर्किटेक्ट रेवती मुळीक हसली. मग तिनं टॅबवरचा आराखडा पाहिला. तिथंही कठडा खाली आला होता. तिचं हसू मावळलं.

कोल्हापूरच्या मध्यवस्तीतलं हे स्टेडियम प्रेक्षकांच्या आरोळ्यांपासून वीज बनवी. फुटबॉल असो वा गाणं, आवाज वाढावा म्हणून आपला आकार आपणच बदलायची मुभा तिनंच त्याला दिली होती. आजवरची सगळ्यात मोठी आरोळी मात्र गोलची नव्हती. गेल्या रविवारी एक माणूस या कठड्यावरून लटकला होता, तेव्हाची होती.

तिनं कठडा वर घ्यायचा हुकूम दिला. 'आवाज कमी होईल,' स्टेडियमनं टॅबवर कळवलं. कठडा जागचा हलला नाही.

"उद्याच्या मॅचला हितं बसणार कोण?" बापूंनी विचारलं.

"ही पुढची रांग स्टेडियमनंच शाळांना फुकट वाटलीय," रेवती टॅबवर पाहत म्हणाली.

बापूंनी खिशातून नातीचा पास काढून चष्म्याजवळ धरला. "तरीच म्हणलं, एवढी चांगली जागा हिला कशी मिळाली."