थरथर

व्हिब्केच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शकुनाच्या बशा फोडायला पाहुणे दारात जमले आणि नेमका तिच्या वडिलांचा कॅमेरा रुसला. त्यांनी खटपट करून त्यात घातलेल्या प्रोग्रॅमचं नव्या लेन्सशी पटेना. शूटिंग मध्येच बंद पडे.

"पपा, ती जुनी लेन्स लावा ना, हाताने फिरवायची."

"ती हलणं सांभाळून घेत नाही गं. माझ्या हातांची थरथर सगळी दिसेल."

"दिसू दे. बंद तर पडणार नाही!"

नाही पडलं.

वडील गेले त्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने, टिलोने, ती फिल्म कॉम्प्युटरवर लावली.

"फार हलतंय गं. स्थिर करून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

"खबरदार हात लावलास तर," व्हिब्के म्हणाली. "अख्ख्या फिल्ममध्ये पपा दिसतात ते त्या थरथरीतच."