मूठ डाव्या बाजूला

"कंपनीच्या तयार ॲक्शनमध्ये ही सगळ्यात गुळगुळीत चालते. हिच्यावर नळी बसवतो, अक्रोडाचा दस्ता चढवतो, झाली तुझ्या पोराची रायफल!" मी ॲक्शन, म्हणजे गोळी भरण्या-झाडण्याची लोखंडी यंत्रणा, माझ्या बंदुकीच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवली. लॉर्नने मूठ धरून तिचा सरकता बोल्ट मागेपुढे केला आणि नकारार्थी मान हलवली.

"मूठ उजवीकडे आहे रे. टोबी माझा डावखुरा. लहानपणी माझी रायफल डाव्या खांद्याला लावायचा, रिकामी काडतुसं त्याच्या नाकासमोरून उडायची. त्याची आई नुसती ओरडायची!"

डाव्या हाताच्या ॲक्शन कंपन्या मोजक्याच काढतात, म्हणून ती मागवावी लागली. लॉर्न थांबायला तयार झाला, पण दर आठवड्याला खिंड ओलांडून येऊन माझं डोकं खाल्लं त्याने. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला तेव्हा रायफल तयार झाली, आणि तो टोबीला घेऊनच आला.

लॉर्न ट्रक गरम करायला बाहेर गेला. टोबीने रायफल उजव्या खांद्याला लावली. त्याचा उजवा हात बोल्टची मूठ शोधत राहिला.

"अरे, तू डावखुरा ना?" मी विचारलं.

"नाही काका. डावखुरा रीड होता, माझा भाऊ. मागच्या हिवाळ्यात नदीवरचा बर्फ फुटला आणि गेला तो. तेव्हापासून बाबा त्याच्या आठवणी माझ्या म्हणून सांगतात."

दार वाजलं. टोबीने घाईघाईने रायफल डाव्या खांद्यावर घेतली.

"काय रे, कशी वाटतेय?" लॉर्नने आत येत विचारलं.

 

"अगदी माझ्यासाठीच केलीये, बाबा."