एकच नाव

“बब्बू? अगं, बाळाच्या जन्मदाखल्यावरसुद्धा?”

सासूबाईंच्या हातातली दुपट्याची घडी अर्धवटच राहिली.

“हो आई. सगळीकडे तेच,” सून म्हणाली. दुधाच्या बाटल्या ती गरम पाण्यातून काढून फडक्यावर पालथ्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

नणंदेला हसू आवरेना. “वहिनी, जरा डोळ्यांपुढे आण. दवाखान्याच्या दारावर पाटी, डॉक्टर बब्बू! कोण जाईल पोट फाडून घ्यायला?” तिनं चांगली भारदस्त नावं शोधून आणली होती. एकाचा अर्थ समुद्र, दुसऱ्याचा विजय.

नवऱ्यानं नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. “घरात बब्बू म्हण की, कोण अडवतंय? कागदावर तेवढं धड नाव असू दे. शाळेत पोरं सळो की पळो करतील त्याला.” तो अनुभवाचे बोल बोलत होता. लहानपणी तो गुटगुटीत होता. ‘भोपळ्या’ हे नाव त्याला शाळा सुटेपर्यंत चिकटून होतं.

“टोपणनाव मोठेपणी गळून पडतं,” सून म्हणाली. “तुमचं नाही का पडलं? मला ते नकोय. एकच नाव, शेवटपर्यंत.”

“अगं पण का?” सासूबाईंचा आवाज चढला. “जगात नावांचा दुष्काळ पडलाय का? बब्बू म्हणे! कुत्र्याच्या पिल्लाला ठेवतात असलं नाव!”

सुनेचे डोळे भरून आले. ती पुढची बाटली फडक्यावर पालथी घालू लागली. एरवी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगणारी ही मुलगी या एका बाबतीत हटून बसली होती.

“थांब, ह्यांनाच विचारते,” सासूबाई उठल्या. “बोलता येत नसलं तरी मान तर हलवतील!”

‘हे’ म्हणजे आजोबा. भाजीबाजारात त्यांनी जन्मभर लिलाव पुकारले होते. त्यांनी एक आरोळी ठोकली की बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाचे हमाल उठून बसत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र गेली. शब्द डोक्यात असत, जिभेवर येत नसत. सुरुवातीला त्यांनी खटपट केली. तोंडातून नुसते घोगरे आवाज निघाले, भेटायला आलेले लोक नजर चुकवू लागले, आणि त्यांनी तोंडच मिटून घेतलं. बायकोला बोलवायचं असलं की ते टेबलावर टिचकी मारत.

दुपारभर नातू त्यांच्याजवळ असे. आताही होता.

खोलीचं दार लोटलेलं होतं. सासूबाई ते ढकलणार, तोच आतून आवाज आला. त्यांचा हात तसाच थांबला.

फटीतून दिसलं, आजोबा पलंगावर बसले होते. मांडीवर बाळ. त्यांनी ओठ घट्ट मिटले. कपाळावरची शीर तट्ट फुगली.

“ब्... बब्... बब्बू.”

बाळ टकामका त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी पुन्हा हाक मारली. या वेळी ती स्वच्छ उमटली. आजोबा एकटेच हसले.

सून मागे येऊन उभी राहिली होती.

“सगळी नावं करून बघितली, आई,” ती कुजबुजली. “ताईंची समुद्रवाली, विजयवालीसुद्धा. एकही जमेना. चिडून भिंतीकडे तोंड करायचे. ओठांनी म्हणायचं एवढं एकच त्यांना येतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“त्यांनी ओठांवर बोट ठेवून हात जोडले माझ्यापुढे. उद्या हेही गेलं तर, अशी भीती वाटत असेल. पण मला वाटलं, आजोबा काहीतरी बोबडं बोलतात असं कुणी म्हणायला नको. नातवाला नावानं हाक मारतात, असंच म्हणायला हवं.”

बाहेरच्या खोलीतून मुलानं विचारलं, “काय गं आई, काय म्हणाले बाबा?”

“बब्बू म्हणाले,” सासूबाईंनी उत्तर दिलं. “उद्या जा आणि तेच नाव देऊन ये.”

 

आत पुन्हा हाक आली. मग आणखी एकदा. वर्षभरानं नवऱ्याचा आवाज ऐकत सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेच्या कानाशी वाकून म्हणाल्या,

“माझ्या आईबापांना असलं सोपं नाव का नाही सुचलं गं?”