पहिला नंबर

नालवाडीतल्या भाड्याच्या घराला तीन फुटांची गॅलरी होती. शकुबाईनं तिथं रंगाचे रिकामे डबे मांडले, चहाचा चोथा आणि भाजीची सालं कुजवून खत केलं आणि वांगी लावली. लक्ष्मणराव वर्षभर करवादत राहिले, "घरात चिखल करून राह्यली तू! बाजारात वांगे भेटत नाई का?"

पुढं वर्ध्यात परसबागेची स्पर्धा लागली. शकुबाईनं फॉर्म आणला आणि तो भरायला नवऱ्याकडे दिला. निकालाच्या दिवशी माइकवरून आवाज आला, "पहिला नंबर, श्री. लक्ष्मणराव भोयर!"

शकुबाई चमकली. "तुमचं नाव काऊन टाकलं?"

"घर तर एकच हाय ना," म्हणत लक्ष्मणराव सदऱ्याची कॉलर सारखी करून स्टेजवर चढले. शाल झाली, नारळ झाला, प्रमाणपत्राचा कागद झाला, फोटो झाला. मग सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं माइक त्यांच्या तोंडापुढं धरला.

"काकाजी, वांग्यावर कीड पडली तर तुम्ही काय करता? सर्व्याइले सांगा ना."

लक्ष्मणरावांनी घाम पुसला आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मग सगळा हॉलच तिच्याकडे पाहू लागला.

शकुबाई उठली, पदर खोचून स्टेजवर गेली आणि तिनं माइक हातात घेतला.



"पयले त्या कागदावरचं नाव बदला. शकुबाई भोयर लिवा. किडीचं मंग सांगतो."