नानांचं इंग्रजी गाऱ्हाणं

“अंडरटेक,” नाना पुन्हा म्हणाले, आणि दाराबाहेर चपला काढणारा हितेंद्र एका पायावर तसाच थबकला.

आत शेजारची श्रेया बसली होती. ती परळच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. हितेंद्रला पाहताच दोघं गप्प झाली. गॅसवर दूध असल्याचं सांगून श्रेया उठून गेली. नानांनी स्वच्छ असलेला चष्मा पुसायला घेतला.

गिरणीत हयात घालवलेल्या माणसाला पंचाहत्तरीनंतर इंग्रजीचं वेड लागावं, आणि तेही नेमकं लालबागच्या त्यांच्या चाळीचा रखडलेला पुनर्विकास पुन्हा मार्गी लागत असताना, हे हितेंद्रला खटकलं. खोली नानांच्या नावावर होती. टॉवरमधलं घर त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलाच्या नावे करावं म्हणून हितेंद्र आणि त्याची बायको प्रिती वर्षभर गोडीगुलाबीने मागे लागले होते. प्रितीला आता सहावा महिना होता. हितेंद्र बाप होणार म्हणून चाळ त्याच्याकडे पेढे मागत होती. नाना मात्र ‘बघू’च्या पुढे जात नव्हते.

त्यात ते फोन. फोन आला की नाना गॅलरीच्या टोकाला जायचे, हळू आवाजात बोलायचे आणि मग नंबर पुसून टाकायचे. एकदा पलीकडून बाईचा आवाज आल्याचं प्रितीने ऐकलं होतं. ती इंग्रजीत बोलत होती. हितेंद्र स्वतः अनोळखी नंबर कधीच उचलत नसे. तीन वर्षांपूर्वी केनियातल्या मोंबासाच्या गोदीतली नोकरी सोडून आल्यापासून त्याचा तो नेमच होता.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर आला आणि खिडकीशी उभा राहिला.

नाना शब्दांची पारख करत होते, बाजारात नारळ वाजवून घ्यावेत तशी. प्रॉमिस वेगळं कसं, कमिट वेगळं कसं, हे श्रेया समजावत होती. प्रॉमिस म्हणजे नुसता शब्द देणं, कमिट म्हणजे स्वतःला बांधून घेणं. अंडरटेक म्हणजे काम हातात घ्यायचं आणि तडीला न्यायची जबाबदारीही आपलीच.

“आणि दुसऱ्यान अर्धवट टाकलेला काम आपण घेतला तर?” नानांनी विचारलं.

“टेक ओव्हर.”

नानांनी मान हलवली. “ता नको गो,” ते म्हणाले. “त्यात टाकणाऱ्याचा नाव खराब होता.”

हितेंद्रच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिला बिल्डर काम अर्धवट टाकून पळाला होता. नवा कोणीतरी ते ताब्यात घेऊ पाहत होता, आणि सगळ्यांच्या आधी नानांची संमती मिळवत होता. म्हाताऱ्याला फोनवर गोड बोलायला बाई ठेवली होती. श्रेयालाही काहीतरी मिळत असणार. उगाच कोण कोणाला फुकट शिकवतं?

चाळीत नानांच्या शब्दाला वजन होतं. गणपतीत आणि शिमग्यात गाऱ्हाणं तेच घालायचे. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं, सगळ्यांच्या वतीने कबूल करायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणी हितेंद्रचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा असायचा. मोंबासातही ताटावर बसलं की तो गमतीने तेच म्हणायचा. नानांनी होकार दिला की चाळ मान डोलावणार, हे बिल्डरने बरोबर हेरलं होतं.

रात्री जेवताना त्याने सरळच विचारलं. “नाना, सही कुठे करताय?”

“सही आधीच दिलंय. आता शब्द देतंय.”

“कोणाला?”

“शुक्रवारी दुपारी तुका कळतला. घरात थांब.”

“आणि खोलीचं काय?”

नानांनी भाताचा घास ताटातच ठेवला. “खोलीत एक माणूस वाढलो तर तुका अडचण आसा?”

हितेंद्रने प्रितीच्या पोटाकडे पाहिलं. प्रिती लाजली. “मला कसली अडचण?” तो म्हणाला. “मी तर वाटच बघतोय.”

“मग झाला. ध्यानात ठेव हां.”

शुक्रवारी हितेंद्रने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. श्रेयाने टेबलावर लॅपटॉप मांडला होता. नानांनी इस्त्रीचा सदरा आणि टोपी घातली होती. हितेंद्र त्यांच्या मागेच उभा राहिला. बिल्डरचं नाव निघालं की लॅपटॉप मिटायचा, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

पडद्यावर चष्मा लावलेली एक बाई आली. हे आपण कोणाच्याही दबावाखाली करत नाही ना, असं तिने इंग्रजीत विचारलं. नानांनी नाही म्हटलं. मग ते उठले, पायातल्या घरच्या सपाता काढल्या आणि गाऱ्हाण्याला उभे राहतात तसे हात जोडून उभे राहिले.

“आय अंडरटेक,” त्यांनी सुरुवात केली. एकदाही न अडखळता त्यांनी सगळं म्हटलं. तिला जेवू घालीन, शाळेत धाडीन, ती स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत तिला अंतर देणार नाही.

तिला? लॅपटॉपकडे निघालेला हितेंद्रचा हात वाटेतच थांबला.

बाईने मान डोलावली आणि खुर्ची बाजूला सरकवली; मागच्या भिंतीवर ‘चिल्ड्रन्स ऑफिस, मोंबासा’ अशी इंग्रजी पाटी दिसली. सात-आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी पुढे आली. आपल्या ग्रँडफादरकडे राहायला जायची तुझी तयारी आहे का, असं बाईने तिला विचारलं.

“ग्रँडफादर?” प्रिती हळूच म्हणाली. “कोणाचे?”

मुलीने हात जोडले, नानांच्या खांद्यावरून थेट हितेंद्रकडे पाहिलं आणि मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”