आतली फळी

मंगळवार पेठेतल्या फक्रुद्दीन मिस्त्रींच्या कपाटाला समोरनं सागवान आणि आत पाठीला स्वस्तातली आंब्याची फळी, हे जन्मभर चालत आलं. गिऱ्हाईक फसून गेलं की बायको सलिमा कुरकुरायची. मिस्त्री हसून म्हणायचे, "आत कोण बघाय येतंय?"

आज पहाटे सलिमा गेली. तिच्या कबरीत मातीखाली घालायच्या फळ्यांसाठी मिस्त्रींनी जपून ठेवलेलं अस्सल सागवान बाहेर काढलं, दोन्ही बाजूंनी रंधा मारला आणि फळ्या टेम्पोत ठेवल्या.

थोरल्या मुलानं, अल्ताफनं, त्या खाली उतरवल्या, आंब्याच्या फळ्या चढवल्या आणि बापाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.



"अब्बा, आत कोण बघाय येतंय?"